खाण एकाची, वाट दुसऱ्याची: डिचोली-सत्तरीच्या उद्योगात भाटकारांचा खरा वाटा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या आतल्या खोऱ्यांत, खास करून डिचोली आणि सत्तरीकडे, पहिला उद्योग उभा राहिला तेव्हा तिथल्या जमीनदार घराण्यांनी नेमके काय केले? खाणी भाटकारांनीच, म्हणजे जमीनदारांनीच, काढल्या असे सर्रास म्हणतात, ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. खनिजात पैसा घालून धोका पत्करणारी बहुतेक घराणी व्यापार, बंदरावरची कामे, पुरवठ्याची कंत्राटे यांतून वर आली. भाटकाराच्या हातात डोंगराच्या पोटातला दगड नव्हता. त्याच्या हातात होती वाट, नदीकाठ, कुळागराचे (पोफळीच्या बागेचे) पाणी आणि मुंडकार, म्हणजे त्याच्या जागेत घर बांधून राहणारी माणसे. या चार गोष्टी ज्या अटींवर मिळाल्या, त्या अटींवर उद्योगाची घडण ठरली. शिवाय शेती आणि बागायतीतली एक सवय, म्हणजे स्वतः न कसता हंगाम खंडाने देऊन टाकायची, जशीच्या तशी खाणीत शिरली. माझ्या मते जमीनदारीचा सर्वांत मोठा ठसा हाच आहे. मालकीहक्कांची चर्चा फार होते, या सवयीची होत नाही.

आधी जमिनीची रचना पाहू. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत) गावची जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकारांच्या सामाईक संस्थेची. गावकार मंडळी ती पावणीला (लिलावाला) काढत आणि उरलेल्या उत्पन्नातून जोण (गावकारांचा वाटा) वाटत. डिचोली आणि सत्तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आल्या, पण तिथले देसाई आणि राणे यांचे वतनी हक्क मोडणे त्यांना परवडणारे नव्हते. सत्तरीत राण्यांकडे मोकासे (घराण्याचे जुने जमीनहक्क) राहिले आणि ते हक्क आकसू लागले की बंडे होत, १८५२चे आणि १८९५चे ही त्यांतली मोठी. म्हणजे सासष्टीत उद्योजकाला संस्थेशी, तिच्या नियमपुस्तकाशी आणि लिलावाशी गाठ घालावी लागे. सत्तरीत एका घराण्याशी. घराण्याशी बोलणे झटपट होते, पण कागद होत नाही. पुढची निम्मी भांडणे याच एका फरकातून निघाली.

खाणींच्या आधी या खोऱ्यात उद्योग म्हणावा असा होता काजूचा. पद्धत बघण्यासारखी आहे. मार्च ते मे हा हंगाम. भाटकार काजूचे भाट (बाग) पावणीत देतो. घेणारा रोख रक्कम आगाऊ किंवा हप्त्यांनी भरतो, किंवा ठरल्या वजनाच्या बिया देतो. झाडाखाली आपोआप पडलेली पिकलेली बोंडे गोळा करायची, बी पिरगळून वेगळी काढायची, बोंडे कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) तुडवायची. रस दोन-तीन दिवस आंबतो. तो भाणात (गाळायच्या भांड्यात) घालून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, साधारण १४ ते १६ ग्राव (दारूच्या तीव्रतेचे माप). ती पुन्हा गाळली की फेणी, १९-२० ग्रावची. यात भाटकाराचे काम काय? झाडे राखणे आणि भाट देणे. जळाऊ लाकूड, भाण, मजूर, अबकारीचा परवाना आणि पाऊस लवकर आल्याचे नुकसान हे सगळे पावणी घेणाऱ्याच्या डोक्यावर. बोंडे भिजली की रस पातळ होतो, ग्राव घसरतो आणि पैसे बुडतात ते त्याचेच. भाटकाराची रक्कम आधीच आत आलेली असते.

ही रचना नीट लक्षात ठेवा. आगाऊ रक्कम, ठरलेली मुदत, आतल्या कामाची विचारपूस नाही, जोखीम सगळी दुसऱ्याची. खाणीत तीच पुन्हा दिसते, फक्त बोंडांच्या जागी दगड येतो.

मिठाचे उदाहरण खाडीकाठचे आहे, तरी त्यातून एक गोष्ट कळते. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मिठाचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थानाकडे गेला तो १८९२पर्यंत, आणि मिठागरांचे कंबरडे मोडले. जमीन मालकाची असली तरी मालावरचा हक्क सरकार कागदाच्या एका तुकड्याने वेगळा काढू शकते, हे गोव्याच्या जमीनदाराने तेव्हाच पाहिले होते. त्याच करारातून मुरगाव बंदर आणि लोहमार्ग आला. लोहमार्ग सावर्डे-कुडचड्यावरून घाटाकडे जातो, त्यामुळे सांगे-केप्याच्या खनिजाला त्याचा उपयोग झाला. डिचोलीला नदीशिवाय पर्याय नव्हता.

आता मुख्य मुद्दा. पोर्तुगीज वसाहतींसाठीचा खाण-कायदा २० सप्टेंबर १९०६चा. जमिनीच्या पोटातले खनिज शासनाचे आणि पृष्ठभाग मालकाचा, अशी त्याची विभागणी. खनिज सापडल्याची जाहीर नोंद, म्हणजे मॅनिफेस्ट, जो आधी करील त्याला हक्क मागण्याचा पहिला मान. पुढे मोजणी, हद्दीचे दगड, नकाशा आणि शेवटी कन्सेशनचा (खाण काढायच्या हक्काचा) तितुल, म्हणजे हक्कपत्र. कर भरत राहिले आणि अटी पाळल्या की कन्सेशन बेमुदत. एकेका कन्सेशनचे क्षेत्र साधारण १०० हेक्टरच्या आत.

यातून दोन प्रकारचे जमीनदार झाले. पोर्तुगीज लिहिता-वाचता येणारा, पणजीला वकील असणारा जमीनदार आपल्याच डोंगराचा मॅनिफेस्ट करून मोकळा झाला. ज्याला हे जमले नाही त्याच्या डोंगरावर भलत्याचेच नाव लागले आणि त्याच्याकडे उरले ते नुकसानभरपाई मागणे. तितुल हातात असणे आणि खाण चालवणे या पुन्हा वेगळ्या गोष्टी. शेकडो कन्सेशने कागदावर होती, त्यांतली कितीतरी कधी खणलीच गेली नाहीत. काजूच्या भाटासारखी ती पेटीत ठेवायची, भाव आला की चालवायला द्यायची.

भाव आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७च्या सुमारास निर्यात सुरू झाली, १९५०च्या दशकात जपानी पोलाद कारखान्यांच्या मागणीने ती फुगली. शिरगावात चौगुल्यांची खाण जपानी भांडवलाच्या मदतीने यांत्रिक झाली ती याच काळात. पण त्याआधीची आणि आसपासची खाण म्हणजे पहार, कुदळ, घमेले. ढेकूळ माल फोडायचा, हाताने निवडायचा, डोक्यावरून वाहायचा. मातीसारखा बारीक माल, म्हणजे फाइन्स, कोणी घेत नसे, तो टाकाऊ.

जमीनदाराचे वजन नेमके कुठे पडत होते हे हिशेबाने कळते. वर्षाला १ लाख टनांची, म्हणजे मध्यमच, खाण धरा. पाऊस सोडून कामाचे दिवस सुमारे २००. दिवसाला ५०० टन माल नदीवर पोचला पाहिजे. २० किलोच्या घमेल्याने त्या २५,००० खेपा. अर्धा टन घेणाऱ्या बैलगाडीने १,००० गाड्या. १० टनांच्या ट्रकने ५० फेऱ्या, आणि तेवढ्याच रिकाम्या परत. डोंगरापासून जेटीपर्यंतच्या (नदीवरच्या धक्क्यापर्यंतच्या) ५-१० किलोमीटरांत ही वाट कुणाच्या ना कुणाच्या शेतातून, भाटातून, देवस्थानच्या जमिनीतून जाणारच. पायवाटेचा हक्क गावाला परंपरेने असतो, ट्रकचा नसतो. त्यामुळे वाट देणारा हा खाणीचा खरा भागीदार ठरला, मग त्याचे नाव तितुलावर असो वा नसो. काही ठिकाणी त्याने ठोक रक्कम घेतली, काही ठिकाणी टनामागे, आणि पुष्कळ ठिकाणी घरच्या मुलांच्या नावावर ट्रकची कंत्राटे. तिसरा प्रकार सर्वांत टिकाऊ निघाला. खाणपट्ट्यात ट्रकमालक हा पुढे जो एक वर्ग झाला, त्याची एक मुळी इथे आहे.

जेटीचे गणित आणखी कडक. आमोणे, सारमानस, कोठंबी इथले काठ काही कुणाच्या मर्जीने पुढे आले नाहीत. काठाला तीन गोष्टी लागतात: भरतीला भरलेली बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) तरंगेल एवढे पाणी, ट्रक रुतणार नाही अशी जांभ्याची कठीण जमीन, आणि माल रचायला मोकळी जागा. घनमीटरला अडीच टन धरले तर १०,००० टनांचा ढीग ४,००० घनमीटरचा होतो. तो ४ मीटर उंच रचला तर निव्वळ १,००० चौरस मीटर लागतात आणि उतार व ट्रक वळायची जागा धरली की त्याच्या दुप्पट. आगबोट येईपर्यंत माल जमवून ठेवावाच लागतो, बोट थांबली की दंड चढतो. पात्र सरकारचे असले तरी काठ भाटकाराचा किंवा कोमुनिदादीचा. तीनही गुण असलेला काठ मैलोगणती एखादाच मिळतो, म्हणून त्याचा मालक सांगेल तो भाव. डोंगरमाथ्याच्या मालकापेक्षा काठाच्या मालकाचे जास्त चालले ते यामुळे.

पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचे होते, तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरून मुरगावला जातात. सुरुवातीच्या लाकडी होड्या थोड्याच टनांच्या, नंतरच्या लोखंडी बार्जी हजार ते दोन-अडीच हजार टनांच्या. बार्ज मोठी झाली तसे उथळ काठ निकामी झाले आणि तिथल्या जमीनदारांचे महत्त्व एका पिढीत संपले. घराण्याच्या पडतीची कारणे शोधताना लोक वाटण्या, व्यसने, मुंबईला गेलेली मुले असे काहीबाही सांगतात. नदीची खोलीही तपासून बघावी.

मजुरांबद्दल थोडे. मुंडकार भाटकाराच्या जागेत घर बांधून राही. बदल्यात राखण, पडेल ते काम आणि मर्जी सांभाळणे. १९५०च्या दशकात खाणीवर रोख रोजगार मिळू लागला आणि हे नाते सैल झाले. भाटकाराने आपल्या मुंडकारांना खाणीवर लावून दिले की ते दोन्हीकडून बांधलेले असत, कारण रोजी खाणीची आणि डोक्यावरचे छप्पर भाटकाराचे. कामगार संघटना किनारी बंदरात जोर धरतात आणि आतल्या गावात धरत नाहीत, याचे साधे कारण हे. घर जाण्याची भीती असलेला माणूस संपाला बसत नाही. मुंडकारांना पक्के संरक्षण देणारा कायदा १९७५मध्ये आला, तोवर पंचवीसेक वर्षे अशीच गेली होती. दुसरीकडे, खाणीवर जाणाऱ्या माणसांमुळे वायंगणी (पाटाच्या पाण्यावरची उन्हाळी) शेते पडीक राहू लागली. बांध आणि पाट एकट्याने सांभाळता येत नाहीत. चार घरांनी हात काढला की पाचव्याचे शेतही जाते.

आता त्रास कुठे झाला आणि का, ते सांगतो. लीज लहान, १०० हेक्टरच्या आतली, आणि लांबट डोंगराच्या कण्यावर एकाला एक लागून. शेजारच्या हद्दीत जायचे नाही म्हणून पिट (खाणीचा खड्डा) बाजूला रुंद करता येत नाही, तो खाली खोल आणि उभ्या भिंतींचा होतो. १ टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन दगडमाती निघते. वरची १ लाख टनांची खाण घ्या: २ लाख ७० हजार टन दगडमाती, सैल घनता १.८ धरली तर दीड लाख घनमीटर. सरासरी १५ मीटर उंच ढीग केला तरी दर वर्षाला १ हेक्टर जागा खाल्ली जाते. लीजमध्ये ती जागा नसते, कारण तिथे खाली खनिज आहे आणि त्यावर डंप टाकणे मूर्खपणा. मग शेजारचा भाटकार आपला उतार भाड्याने देतो. पडीक उताराचे पैसे येतात म्हटल्यावर तो खूश. पण उताराच्या पायथ्याशी कुळाची शेते असतात. पहिल्या मोठ्या पावसात लाल चिखल ओहोळातून शेतात उतरतो, पाट बुजतात, खडीचा थर बसतो. भाडे एकाला आणि गाळ दुसऱ्याला, ही विभागणी जमीनधारणेतूनच आली. जमीन आणि शेत एकाच माणसाचे असते तर त्याने डंपला पायथ्याशी दगडी बांध आणि गाळ बसायला तळी मागितली असती.

या डंपांचे पुढे उलटेच झाले. बारीक माल धुऊन आणि गोळ्या करून विकता येऊ लागला. पाळे येथे १९६७मध्ये पेलेट प्रकल्प सुरू झाला. मग कालचे रिजेक्शन आजचा माल ठरले आणि भाटकाराच्या उतारावर पडलेला ढीग कुणाचा, हा वाद उभा राहिला. तोंडी करारांत ‘माती टाकायला जागा’ एवढेच ठरलेले. परत उचलायचा हक्क कुणी लिहिलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४च्या निकालात लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाहीत असे ठरवले तेव्हा, दोन पिढ्या जुन्या या सोयीचा कायदेशीर पायाच निघाला.

खंडाची सवय कागदावर कशी उतरली हेही बघा. तितुल एकाच्या नावावर, कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याकडे, प्रत्यक्ष माल काढणारा तिसरा रेझिंग कंत्राटदार, ट्रक चौथ्याचे. तितुलवाल्याला टनामागे ठरलेली रक्कम. ज्याला दहा वर्षांनी खाण परत द्यायची आहे तो वरचा चांगला माल आधी ओरबाडतो, निचऱ्याचे चर खणत नाही, पिटात पाणी साचू देतो. काजूची पावणी घेणारा झाडाला खत घालत नाही, तेच हे. १९८७च्या कायद्याने जुनी कन्सेशने रद्द होऊन ती २० डिसेंबर १९६१पासून लीज मानली गेली, तरी ही साखळी तशीच राहिली.

जमीनदार आणि खाणमालक हा एकच वर्ग होता असे मानणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि कूळकायदा १९६४मध्ये त्यांच्याच सरकारने आणला. पुढे शशिकला काकोडकर यांच्या काळात, १९७६मध्ये, त्याची दुरुस्ती कसणाऱ्याला मालकीपर्यंत घेऊन गेली. दोन्ही वर्ग एकच असते तर हे कसे घडले असते? हितसंबंध कुठे जुळत होते आणि कुठे नाही, याची याहून चांगली खूण नाही.

डिचोलीतल्या मये गावाचे प्रकरण वेगळे मोजावे. ते गाव कोंदी द मायें (मयेचे काउंट) या घराण्याच्या मालकीचे होते. १९६१नंतर मालक निघून गेले आणि जमीन सोडून गेलेल्यांची (इव्हॅक्युई) मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे, म्हणजे ती सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेली. कसणाऱ्याला, राहणाऱ्याला नावावर काही नाही; २०१४च्या कायद्यापर्यंत पाच दशके. या काळात शेजारच्या गावात भाटकाराशी भांडून का होईना भाडे, ट्रक, भरपाई मिळवता येत होती, मयेवाल्याला भांडायला समोर मालकच नव्हता. वाईट जमीनदार आणि गैरहजर जमीनदार यांत दुसरा महाग पडला.

तुमच्या गावात कोण काय होते हे शोधायचे असेल तर क्रम असा ठेवा. आधी लीजचा टी.सी. (कन्सेशनच्या तितुलाचा) क्रमांक मिळवा, तिरप्या रेघेनंतरचे दोन आकडे म्हणजे तितुलाचे वर्ष. मग त्याचा नकाशा आजच्या सर्व्हे क्रमांकांवर बसवा. त्या क्रमांकांचा नमुना १ व १४ (जमिनीचा उतारा) काढून कब्जेदार आणि इतर हक्क हे दोन्ही रकाने वाचा. पुढे जुन्या नोंदणी कार्यालयातले जमिनीचे वर्णन आणि मालकीची नोंद, आणि मालक वारला असेल तर वारशाचा इन्व्हेंतारियो (मालमत्तेच्या वाटणीचे कागद). जुने कागद पणजीच्या पुराभिलेख खात्यात सापडू शकतात.

चुका ठरलेल्या असतात. तितुलावर डोंगराचे नाव पोर्तुगीज कानांनी ऐकलेले असते, ते गावात कुणाला ओळखू येत नाही. मोठ्याने वाचून म्हाताऱ्या माणसाला ऐकवा, लगेच कळते. शेताचे माप हेक्टरात नसून खंडी-कुडवात, म्हणजे किती बी पेरले जाते त्यावर असते (२० कुडव म्हणजे १ खंडी), आणि ते चौरस मीटरमध्ये सरळ बदलता येत नाही, कारण जमिनीच्या कसावर बी कमीजास्त पडते. १९७०च्या दशकातल्या मोजणीने त्या वेळी ज्याचा ताबा दिसला त्याचे नाव लिहिले, म्हणून नमुना १ व १४ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. आणि पोर्तुगीज नागरी कायद्यात लग्न झाले की नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक होते, त्यामुळे तितुलावर एकाच पुरुषाचे नाव असले तरी अर्धा वाटा बायकोचा आणि तिच्या वारसांचा असू शकतो. सत्तरीत मोकासो आणि अल्वारा यांची गल्लत करू नका. पहिला घराण्याचा जुना हक्क, दुसरी सरकारी पडीक जमीन लागवडीला दिल्याची परवानगी. बाहेरून दोन्ही सारखीच काजूची भाटे दिसतात.

सगळ्यात शेवटी वाट आणि काठ यांचे कागद शोधा, आणि ते जमीन नोंदणीत शोधू नका. ते बहुधा सापडतात देवस्थानच्या जमाखर्चात, पंचायतीच्या रस्त्याच्या ठरावात किंवा एखाद्या घरच्या पेटीतल्या पावतीपुस्तकात, टनांच्या आकड्यांसकट.